दुसऱ्याची जागा : दार्देन बंधूंच्या चित्रपटांतील श्रम आणि नैतिक निर्णय

गोषवारा

झाँ-पिएर दार्देन (जन्म १९५१) आणि ल्यूक दार्देन (जन्म १९५४) या बेल्जियन दिग्दर्शक-बंधूंच्या चित्रपटांचे वर्णन बहुधा ‘गरिबीचे वास्तववादी चित्रण’ असे केले जाते. हे वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. या चित्रपटांच्या केंद्रस्थानी गरिबी नसून, मिळवण्याजोगी जागा एकच असताना दुसऱ्या माणसाशी कसे वागावे हा प्रश्न आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी ‘रोझेटा’ (१९९९), ‘ल फिस’ म्हणजे ‘मुलगा’ (२००२) आणि ‘द्यो जूर, यून न्वी’ म्हणजे ‘दोन दिवस, एक रात्र’ (२०१४) या तीन चित्रपटांचा प्रामुख्याने विचार केला आहे.

प्रास्ताविक

मराठीतील ‘जागा’ हा शब्द मोठा अर्थवाही आहे. राहण्याचे ठिकाण म्हणजे जागा, नोकरीतील पद म्हणजेही जागाच. एखादा माणूस निघून गेला की त्याची ‘जागा रिकामी होते’, दुसरा आला की ती ‘भरली जाते’. दुसऱ्याचे दुःख समजून घ्यायचे असेल तर ‘त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा’ असे आपण म्हणतो. दुसऱ्याची जागा घेणे आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे या दोन क्रिया एकाच शब्दाभोवती फिरत असल्या तरी नीतीच्या दृष्टीने त्या परस्परांच्या विरुद्ध टोकांना आहेत. पहिलीत दुसरा माणूस नाहीसा होतो, तर दुसरीत तो आपल्यापुढे उभा राहतो. दार्देन बंधूंच्या चित्रपटांतील सारा ताण या दोन क्रियांमधील अंतरात सामावलेला आहे, असे म्हणता येईल.

या दिग्दर्शकद्वयाला कान चित्रपट महोत्सवातील ‘पाम दोर’ हा सर्वोच्च पुरस्कार दोनदा मिळाला : १९९९ साली ‘रोझेटा’साठी आणि २००५ साली ‘लाँफाँ’ (‘मूल’) या चित्रपटासाठी. मात्र पुरस्कारांमुळे मिळालेल्या प्रसिद्धीबरोबर त्यांच्यावर ‘सामाजिक वास्तववादी’ हा शिक्काही बसला. हा शिक्का एकदा मान्य केला की समीक्षकाचे काम फार सोपे होते. बेरोजगारी, स्थलांतर, बालगुन्हेगारी अशा विषयांची यादी केली की विवेचन संपते. परंतु विषयांची यादी म्हणजे आशय नव्हे. एकाच विषयावर वृत्तपत्रातील बातमीही असते आणि कलाकृतीही असते. म्हणून कलाकृती त्या विषयाचे नेमके काय करते, हे पाहणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी : पोलादाचे शहर आणि माहितीपटाची शाळा

दार्देन बंधूंचे बहुतेक चित्रपट बेल्जियममधील लिएज शहरालगतच्या सराँ या औद्योगिक वस्तीत आणि तिच्या परिसरात घडतात. म्यूज नदीच्या काठी वसलेल्या या गावात जॉन कॉकरिल या उद्योजकाने १८१७ साली कारखाना उभारला आणि पुढे हा प्रदेश युरोपातील लोखंड-पोलाद उद्योगाचे एक महत्त्वाचे केंद्र बनला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा उद्योग ओसरला. भट्ट्या विझल्या आणि त्यांच्याबरोबर संघटित कामगारवर्गाचे सामूहिक जीवनही विरत गेले.

या बंधूंची सुरुवात माहितीपटांपासून झाली. १९७०च्या दशकात त्यांनी व्हिडिओ कॅमेरा हाती घेऊन कामगार वस्त्यांमधील माणसांच्या आठवणी टिपल्या. १९७९ सालचा त्यांचा एक माहितीपट १९६०-६१च्या हिवाळ्यातील मोठ्या बेल्जियन संपाच्या स्मृतींवर आधारलेला आहे. संपात माणसे एकमेकांच्या शेजारी उभी असतात. त्यांच्या पुढच्या कथापटांतील माणसे मात्र एकेकटी आहेत. ज्या पिढीने संप पाहिला तिच्या नातवंडांची पिढी या चित्रपटांत आहे आणि तिच्याजवळ ना कारखाना आहे, ना संघटना, ना आठवण. हा बदल लक्षात घेतला नाही, तर या चित्रपटांतील एकाकीपणा केवळ मानसिक वाटू लागतो. वस्तुतः त्याला इतिहास आहे.

१९९२ साली त्यांनी पोलाद कामगाराच्या जीवनावर एक कथापट रूढ पद्धतीने केला. तो अपयशी ठरला आणि त्यांचे स्वतःचेही त्याने समाधान झाले नाही. त्यानंतर त्यांनी आपली कार्यपद्धतीच बदलली. लहान चमू, परिचित परिसर, बहुधा नवखे किंवा अपरिचित नट, दीर्घ तालमी आणि कथेच्या क्रमानेच चित्रीकरण ही पद्धत ‘ला प्रोमेस’ (‘वचन’, १९९६) या चित्रपटापासून स्थिरावली. या चित्रपटात बेकायदा स्थलांतरितांना राबवून घेणाऱ्या बापाचा इगोर हा किशोरवयीन मुलगा, पहाडावरून पडून मरणाऱ्या हामिदू नावाच्या मजुराला त्याच्या बायको-मुलाची काळजी घेण्याचे वचन देतो. बापाशी निष्ठा ठेवायची की मृत माणसाला दिलेल्या शब्दाशी, हा पेच त्यातून उभा राहतो. ल्यूक दार्देन हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक असून एमॅन्युएल लेव्हिनास या तत्त्वज्ञाचा आपल्यावरील प्रभाव त्यांनी लिहून ठेवला आहे. ‘दुसऱ्याचा चेहरा आपल्याला उत्तरदायी ठरवतो’ हे लेव्हिनासच्या विचाराचे सूत्र थोडक्यात सांगता येते. तथापि दार्देन बंधूंचे चित्रपट म्हणजे या सूत्राची उदाहरणे नव्हेत. चेहऱ्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो आणि वाटेत काय काय आडवे येते, हे ते दाखवतात.

‘रोझेटा’ : जागा मिळवणे

‘रोझेटा’ची सुरुवातच धावपळीने होते. चाचणी काळ संपल्यावर कामावरून कमी केलेली एक मुलगी कारखान्याच्या दारांमधून, यंत्रांमधून धावत सुटते. तिला बाहेर काढण्यासाठी माणसांना तिच्याशी अक्षरशः झटापट करावी लागते. मद्याच्या आहारी गेलेल्या आईबरोबर ती शहराबाहेरच्या एका तळावर कॅरॅव्हानमध्ये राहते. शहरात जाताना चांगले बूट घालायचे, परतताना ते झाडीतील एका नळात लपवून रबरी बूट चढवायचे, बाटलीचा गळ करून गढूळ तळ्यात मासे धरायचे, पोटात कळ आली की केस वाळवण्याच्या यंत्राची ऊब पोटाला द्यायची, असे तिचे दिवस जातात. दिग्दर्शक या क्रिया पुन्हा पुन्हा दाखवतात. त्यांतून रोझेटाचे ‘व्यक्तिचित्र’ उभे राहते ते तिच्या बोलण्यातून नव्हे, तर सवयींमधून.

वाफल विकणाऱ्या दुकानाच्या मालकाकडे तिला पीठ तयार करण्याचे काम मिळते, पण थोड्याच दिवसांत मालक ती जागा आपल्या मुलाला देतो. म्हणजे रोझेटाची जागा आधी कोणीतरी घेतलेली आहे. त्याच दुकानात काम करणारा रिके हा तिच्याशी माणुसकीने वागणारा एकमेव तरुण. रात्री झोपण्यापूर्वी रोझेटा स्वतःशीच कुजबुजत संवाद करते. आपल्याला मित्र मिळाला, काम मिळाले, आता आपले जीवनही चारचौघांसारखे होईल, अशी ग्वाही ती एकदा ‘तू’ म्हणून आणि एकदा ‘मी’ म्हणून स्वतःला देते. तिला धीर देणारे दुसरे कोणी नसल्यामुळे ‘दुसऱ्या’चीही भूमिका तिलाच करावी लागते. चित्रपटातील हा सर्वांत हळुवार क्षण त्याचमुळे सर्वांत भीषणही आहे.

यानंतर रिके तळ्यात पडतो आणि रोझेटा त्याला हात देण्याऐवजी काही क्षण तशीच उभी राहते. तो बुडाला तर त्याची जागा रिकामी होईल, हा विचार तिच्या तोंडून वदवलेला नाही. तशी गरजही पडत नाही, कारण तो विचार प्रेक्षकाच्या मनात आपोआप येतो आणि प्रेक्षक दचकतो. अखेरीस ती त्याला बाहेर काढते. परंतु पुढे रिके मालकाच्या नकळत स्वतःचे वाफल विकतो ही गोष्ट ती मालकाला सांगते आणि काही क्षणांतच दुकानाच्या खिडकीत त्याच्या जागी ती उभी असते. तळ्यात जे घडले नाही ते दुकानात घडते. पहिल्या प्रसंगात मृत्यू होता, दुसऱ्यात केवळ नोकरी आहे. क्रिया मात्र एकच आहे.

येथे व्हित्तोरिओ दे सिकाच्या ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८) या चित्रपटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सायकल चोरीला गेलेला बाप शेवटी स्वतः दुसऱ्याची सायकल चोरायला प्रवृत्त होतो. मात्र दे सिकाचा नायक अपयशी ठरतो आणि त्याच्या अपमानाने आपले मन द्रवते. रोझेटा यशस्वी होते. त्यामुळे करुणेचा सोपा मार्ग प्रेक्षकाला बंद होतो. आपल्याला ती हवीशी वाटावी यासाठी दिग्दर्शक कोणतीही सवलत देत नाहीत, आणि तिचा धिक्कार करण्याचीही मुभा देत नाहीत. नववास्तववादाचा वारसा स्वीकारून दार्देन बंधू त्यापुढे जातात ते या ठिकाणी.

मिळवलेली जागा रोझेटा शेवटी फोन करून स्वतःहूनच सोडते. मग दाराची फट बुजवून ती गॅस सोडते, तर गॅसही संपतो. मरण्यासाठीसुद्धा तिला जड टाकी उचलून आणावी लागते. मोपेडवरून तिच्याभोवती घिरट्या घालणारा रिके, टाकीच्या ओझ्याने कोसळून रडणारी ती, आणि तिला उठवणारा त्याचा हात येथे चित्रपट संपतो. संपूर्ण चित्रपटभर जिची पाठ आणि मान कॅमेऱ्याने पिच्छा पुरवल्यासारखी दाखवली, ती येथे प्रथमच थांबून दुसऱ्या माणसाकडे पाहते. रिके मात्र आपल्याला दिसत नाही. दिसतो तो केवळ पाहणारा चेहरा. एमिली दकेन (१९८१-२०२५) या अभिनेत्रीला तिच्या या पहिल्याच भूमिकेसाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून मिळाला. त्याचे मर्म या अखेरच्या दृश्यात आहे.

बेल्जियममधील तरुणांच्या रोजगाराविषयीची एक सरकारी योजना पुढे ‘रोझेटा योजना’ या नावाने ओळखली गेली. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी ३ टक्क्यांच्या प्रमाणात तरुणांना काम द्यावे, अशी तिची तरतूद होती. या कायद्याची तयारी चित्रपटापूर्वीच सुरू होती, असे दिग्दर्शकांनीच सांगितले आहे. तेव्हा ‘चित्रपटाने कायदा घडवला’ ही लोकप्रिय आख्यायिका बाजूला ठेवणे योग्य ठरेल. कायदा जागांची संख्या वाढवू शकतो. जागा मिळवण्यासाठी आपण काय केले, या प्रश्नाचे उत्तर मात्र कायद्याजवळ नसते.

‘मुलगा’ : रिकामी राहिलेली जागा

‘मुलगा’मध्ये जागेचा अर्थ बदलतो. ऑलिव्हिए हा सुतारकाम शिकवणारा शिक्षक. त्याच्या वर्गात फ्रान्सिस नावाचा सोळा वर्षांचा मुलगा दाखल होतो. पाच वर्षे बालसुधारगृहात काढून आलेल्या या मुलाने गाडीतील रेडिओ चोरताना ऑलिव्हिएच्या मुलाचा जीव घेतलेला असतो. ऑलिव्हिएला हे ठाऊक आहे, फ्रान्सिसला नाही. मृत मुलाची जागा रिकामी आहे आणि ती भरायला आला आहे तो त्याचा मारेकरीच. फ्रान्सिस ऑलिव्हिएला ‘तुम्ही माझे पालक व्हाल का’ असे विचारतो, तेव्हा ही विसंगती असह्य होते.

एवढ्या मोठ्या नाट्यमय आशयासाठी दिग्दर्शकांनी निवडलेली भाषा आहे ती मोजमापाची. ऑलिव्हिए नजरेने अचूक अंतर सांगू शकतो. फ्रान्सिस त्याची परीक्षा घेतो, तेव्हा दोघांच्या पायांमधले अंतर तो सांगतो आणि ते पट्टीने मोजल्यावर बरोबर निघते. बाप आणि मारेकरी यांच्यातील अंतर असे मीटर-सेंटिमीटरमध्ये मोजले जाते. या प्रसंगाला प्रतीक म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो प्रथमतः सुतारकामातील एक साधा, विश्वासार्ह प्रसंग आहे आणि म्हणूनच त्याचा दुसरा अर्थ प्रेक्षकावर लादला जात नाही.

लाकडाच्या वखारीत ऑलिव्हिए सत्य सांगतो. मुलगा पळतो, पाठलाग होतो, ऑलिव्हिएचे हात त्याच्या गळ्याभोवती पडतात आणि मग सैल होतात. काही वेळाने फ्रान्सिस परत येतो आणि निःशब्दपणे फळ्या गाडीत चढवू लागतो. दोघे मिळून काम करीत असतानाच चित्रपट संपतो. ‘क्षमा’ हा शब्द उच्चारला जात नाही. किंबहुना क्षमा झाली आहे की नाही, हेही निश्चित सांगता येत नाही. एवढेच दिसते की जे हात गळ्यावर होते ते आता लाकडावर आहेत. दार्देन बंधूंच्या चित्रपटांत नैतिक निर्णय विचारातून हातांकडे जात नाही. तो हातांतच घडतो आणि विचार त्याच्या मागून येतो, किंवा येतही नाही. ऑलिव्हिए गुर्मे या नटाला २००२ साली कान येथे सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ज्या भूमिकेत चेहऱ्याइतकाच, किंबहुना अधिक, पाठमोरा देह बोलतो अशा भूमिकेचा हा गौरव होता, ही बाब लक्षणीय आहे.

‘दोन दिवस, एक रात्र’ : जागा नाकारणे

‘रोझेटा’नंतर पंधरा वर्षांनी आलेला ‘दोन दिवस, एक रात्र’ हा चित्रपट त्याच प्रश्नाकडे उलट बाजूने जातो. सौरऊर्जेची पॅनेल बनवणाऱ्या एका लहान कंपनीत सांद्रा काम करते. नैराश्याच्या आजारातून ती नुकतीच सावरलेली आहे. तिच्या सोळा सहकाऱ्यांपुढे मालकाने पर्याय ठेवला आहे : प्रत्येकी १००० युरोंचा बोनस, किंवा सांद्राची नोकरी. सोमवारी गुप्त मतदान पुन्हा होणार आहे. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत सांद्रा एकेका सहकाऱ्याचे दार ठोठावते.

कथानकाची ही रचना वरवर पाहता एकसुरी आहे. तोच प्रश्न, तीच विनवणी. परंतु प्रत्येक दार वेगळे उघडते. फुटबॉलच्या मैदानावर तिमूर हा सहकारी आपल्या आधीच्या मताच्या शरमेने रडू लागतो. एक सहकारी मुलीकरवी ‘आई घरी नाही’ असे सांगवते. एका बापलेकांत या प्रश्नावरून मारामारी होते, तर एक स्त्री नवऱ्यालाच सोडून येते. बोनस नाकारणे ज्यांना परवडत नाही, त्यांची अडचणही खरी आहे. ‘माझ्या जागी स्वतःला ठेवून पाहा’ ही मागणी दोन्ही बाजूंनी होते आणि दोन्ही बाजूंनी ती रास्त असते. दोन रास्त मागण्या परस्परांविरुद्ध उभ्या करून स्वतः नामानिराळी राहणारी व्यवस्था कोणती, हे चित्रपट घोषणा न देता दाखवतो. मालक क्रूर नाही. आशियाई स्पर्धेचा हवाला देणारा तो एक सौम्य गृहस्थ आहे. निर्णय ‘कामगारांनीच’ घ्यावा, अशी लोकशाही तरतूद त्याने केली आहे!

मतदान आठ विरुद्ध आठ असे समसमान होते आणि सांद्रा हरते. मग मालक तिला बोलावून नवा प्रस्ताव देतो : बोनसही मिळेल आणि काही काळाने तिला परतही घेतले जाईल. कारण तोवर एका मुदतीच्या करारावरील कामगाराचा करार संपेल आणि त्याचे नूतनीकरण होणार नाही. तो कामगार कोण, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. तो म्हणजे स्वतःची नोकरी धोक्यात घालून सांद्राच्या बाजूने मत देणारा आल्फाँस. कोणाला काढून टाकणे नव्हे, केवळ नूतनीकरण न करणे, असा मालकाचा युक्तिवाद आहे. सांद्राच्या लेखी या दोहोंत फरक नाही. ती नकार देते आणि बाहेर पडते. नवऱ्याला फोनवर ती सांगते ते एवढेच की आपण चांगले लढलो आणि ती समाधानी आहे.

या नकाराचे मोल ‘रोझेटा’च्या संदर्भातच पुरते कळते. रोझेटाने रिकेची जागा घेतली, सांद्रा आल्फाँसची जागा घेत नाही. दोघींनाही कामाची गरज सारखीच आहे. फरक एवढाच की दोन दिवस दारोदार फिरताना सांद्राला सहकाऱ्यांचे चेहरे दिसले आणि सोळांतील आठ माणसे तिच्यासाठी उभी राहिली. रोझेटाला स्वतःशीच बोलावे लागत होते. नैतिक सामर्थ्य हे एकट्या व्यक्तीचे उपजत भांडवल नसून माणसामाणसांतील देवघेवीतून ते निर्माण होते, हा या दोन चित्रपटांच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष होय. संपाची सामूहिकता लोपली तरी तिचा एक लहानसा अंश या चित्रपटात परत येतो.

शैलीविषयी

या आशयाशी शैलीचे नाते अतूट आहे. छायालेखक आलँ मार्कोएन आणि कॅमेरा चालवणारे बनुआ दर्व्हो यांच्या साहाय्याने दार्देन बंधूंनी ‘रोझेटा’ आणि ‘मुलगा’ यांत कॅमेरा हातात धरून पात्राच्या अगदी पाठीशी ठेवला आहे. प्रेक्षकाला पात्राचे मन दिसत नाही आणि पुढे काय आहे तेही दिसत नाही. तो पात्राच्या वेगाशी बांधला जातो. या चित्रपटांत भावना सुचवणारे पार्श्वसंगीत नाही. ‘दोन दिवस, एक रात्र’मध्ये गाणी आहेत, पण ती गाडीतल्या रेडिओवर वाजतात, म्हणजे पात्रांच्या जगातच असतात. काय वाटावे हे संगीताने सांगितले की निर्णयाची जबाबदारी प्रेक्षकावरून उतरते. दार्देन बंधू ती उतरू देत नाहीत. पुढे ‘मुलगा आणि सायकल’ (२०११) या चित्रपटात बेथोव्हनच्या संगीताचे मोजके तुकडे येतात, तेव्हा ते एखाद्या अनपेक्षित मायेच्या स्पर्शासारखे वाटतात. हा परिणाम आधीच्या संयमामुळेच शक्य झाला आहे.

काही आक्षेप

या चित्रपटांवर घेतले जाणारे दोन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा की, आर्थिक अन्यायाचा प्रश्न ते व्यक्तीच्या सदसद्विवेकावर सोपवतात. केन लोच या ब्रिटिश दिग्दर्शकाचा ‘आय, डॅनियल ब्लेक’ (२०१६) शासनयंत्रणेला नाव घेऊन जाब विचारतो. दार्देन बंधूंच्या चित्रपटात असा जाब क्वचितच ऐकू येतो. या आक्षेपात तथ्य आहे. तथापि लोचच्या प्रेक्षकाला आपण कोणत्या बाजूचे आहोत हे आरंभापासून ठाऊक असते. दार्देन बंधूंच्या प्रेक्षकाला ती खात्री मिळत नाही, बोनस घेणाऱ्या आठ जणांत आपणही असू शकलो असतो हे त्याला मान्य करावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हामिदूची विधवा आसिता किंवा आल्फाँस ही स्थलांतरित पात्रे मुख्यतः युरोपीय नायक-नायिकेच्या नैतिक जागृतीचे निमित्त ठरतात. आल्फाँसचे पुढे काय झाले, हे आपल्याला कळत नाही. ‘तोरी आणि लोकिता’ (२०२२) हा चित्रपट जणू या आक्षेपाला दिलेले उत्तर आहे. त्यात आफ्रिकेतून आलेली, भावंडे असल्याचे भासवणारी दोन मुले केंद्रस्थानी आहेत. लोकिताला वास्तव्याची कागदपत्रे मिळत नाहीत आणि तिचा अंत हिंसक होतो. येथे निवडीचा तो प्रसिद्ध दार्देनी क्षणच उरत नाही. जिला कायद्याने जागाच नाही, तिच्यापुढे जागा घेण्याचा वा नाकारण्याचा पर्याय कोठून येणार? आपल्याच प्रतिपादनाची मर्यादा दिग्दर्शकांनी येथे ओळखली आहे, असे वाटते. याउलट ‘यंग अहमद’ (२०१९) या चित्रपटात धर्मांध बनलेल्या किशोराचे अंतरंग झाकून ठेवण्याची जुनी पद्धत तोकडी पडते. श्रमाच्या जागी विचारसरणी आली की हातांवरून मन वाचण्याची ही रीत उपयोगी पडत नाही.

समारोप

दार्देन बंधूंच्या चित्रपटांतील सराँ आपल्यापासून दूर आहे, पण नूतनीकरण न होणारा करार दूर नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर अध्यापन करणाऱ्यांना आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कायम पदावर बसणाऱ्यांना सांद्राच्या अखेरच्या नकाराचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून हे चित्रपट वर्गात दाखवताना ‘युरोपातील गरिबीचे दर्शन’ असा मथळा देऊन मोकळे होणे म्हणजे त्यांची धार बोथट करणे होय.

हे चित्रपट उपदेश करीत नाहीत. गॅसची टाकी, लाकडाची फळी, दारावरची घंटा अशा वस्तूंच्या साहाय्याने ते प्रेक्षकाला एका ठिकाणी आणून उभे करतात. तेथे जागा एक आणि माणसे दोन असतात. २०२५ साली आलेल्या ‘यंग मदर्स’ या चित्रपटातही, एका आधारगृहातील अल्पवयीन मातांच्या कथांतून, दुसऱ्या जिवासाठी स्वतःच्या आयुष्यात जागा करण्याचा प्रश्न त्यांनी पुन्हा हाताळला आहे. तीस वर्षे एकाच प्रश्नाशी झगडत राहणे याला काहीजण पुनरावृत्ती म्हणतील. परंतु प्रश्न सुटलेला नसताना तो सोडून न देणे हीही कलावंताची निष्ठाच होय.